दोन फवारणी ड्रोन, मध्ये एक बांध

सावदा-फैजपूरकडे केळीच्या बागा बांधाला बांध लागून आहेत. आपली फवारणी चालू असते आणि त्याच सकाळी शेजाऱ्यानेही ड्रोन बोलावलेला असतो. "उडवून पाहिलं, धडकले नाहीत" म्हणणाऱ्या, ड्रोनचा कोड लिहिणाऱ्या पोरांना मी विचारतो, काय भो, त्या वेळी नाही धडकले, पण इतर वेळचं काय? सगळ्याच शक्यता तपासायच्या तर गणिती पडताळणी हवी. झेड-थ्री हे मोफत साधन सुरुवातीला पुरतं.

कोडच्या आधी वाक्य लिहा: "दोघांच्या मध्यबिंदूंतलं अंतर 3 मीटरच्या आत कधीच येणार नाही." मग ब्रेक किती अंतरावर लावायचा ते काढा. वेग सेकंदाला 5 मीटर, प्रतिसादाला अर्धा सेकंद, मंदन 2 (म्हणजे ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला 2 मीटर/सेकंदने कमी होतो). थांबायला 2.5 अधिक 6.25, म्हणजे 8.75 मीटर लागतात. समोरासमोर दोघे, म्हणून 17.5. जीपीएसची चूक प्रत्येकी 2.5 आणि वरचे 3 मिळवून 25.5. एकमेकांची जागा सेकंदातून पाचदाच कळत असेल, तर मधल्या वेळात दोघे मिळून आणखी 2 मीटर सरकतात. हे 2 बहुतेक जण विसरतात. झाले 27.5.

आता झेड-थ्रीला प्रश्न उलटा विचारा: 27.5 ला ब्रेक लावूनही अंतर 3 च्या आत येईल, अशी एक तरी स्थिती आहे का? उत्तर 'अनसॅट' आलं तर अशी स्थिती नाही. 'सॅट' आलं तर आहे, आणि त्या स्थितीचे आकडेच समोर येतात, आणि खरी कमाई तीच. भरल्या टाकीने मंदन 1.5 वर येऊ शकतं असं लिहून पाहा, लगेच सॅट. मग 32 मीटर धरा.

वर-खाली होऊन टाळायचं असेल तर समोरचा ऐकेलच असं गृहीत धरू नका. 1 जुलै 2002 ला जर्मनीत युबरलिंगनवर एका विमानाला टक्कर टाळणाऱ्या यंत्राने 'वर' सांगितलं, दुसऱ्याला 'खाली'. पहिल्याच्या वैमानिकांनी जमिनीवरच्या नियंत्रकाचं 'खाली' ऐकलं, दोन्ही खाली गेली, धडकली, 71 माणसं मेली. म्हणून मॉडेलमध्ये "समोरचा काहीही करेल" हीसुद्धा एक शाखा ठेवा.

शेवटी एक खोच. ड्रोन जागचा हललाच नाही तरी आपलं वाक्य खरंच ठरतं! दोघे बांधावर बॅटरी संपेपर्यंत तरंगत राहिले तरीही. तेव्हा "दोघेही कधीतरी पुढे जातील" हे वेगळं तपासा. त्याला उप्पाल हे पडताळणीचं दुसरं साधन सोयीचं. अडकले तर लहान नोंदणी क्रमांकाने आधी जायचं असा नियम घाला आणि दोन्ही पडताळण्या पुन्हा चालवा.