पाडवा पहाटेआधी दोन कीबोर्ड जोडताना

गोदाकाठच्या पाडवा पहाटेला साउंडवाला साडेतीनलाच चेकला बोलावतो. त्या अंधारात मेन्यू चाळत बसायचं नसेल, तर सगळी जुळणी आदल्या रात्री घरीच, हेडफोन लावून करायची.

पिशवीत पाच पिनांच्या दोन मिडी केबल (एका कीबोर्डचा निरोप दुसऱ्याकडे नेणाऱ्या) टाका, एक राखीव. घरात पडलेली जुनी असली तरी चालते. 1983 साली प्रॉफेट-600 आणि जुपिटर-6 हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर जिने जोडून दाखवले, त्याच जातीची ती केबल. खालच्या कीबोर्डचा आउट वरच्याच्या इनमध्ये. तिसरा असेल तर वरच्याच्या थ्रूमधून, म्हणजे आलेला निरोप तसाच पुढे सोडणाऱ्या सॉकेटमधून, पुढे. पाच पिनांचं सॉकेटच नसेल, मागे नुसता चौकोनी यूएसबी असेल, तर दोघांच्या मध्ये लॅपटॉप किंवा यूएसबी होस्ट (त्याचंच काम करणारी छोटी डबी) लागतो, आणि तो एम. जी. रोडवरची दुकानं उघडी आहेत तोवरच आणलेला बरा. ऑडिओच्या वायरी वेगळ्या घ्या. मिडीतून आवाज जात नाही. कोणती पट्टी किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढा निरोप जातो. वरच्याची लाइन मिक्सरला दिली नाही तर श्रोत्यांना त्याचा सूर ऐकूच जाणार नाही.

आता चॅनेल, म्हणजे निरोप जाण्याच्या वाटा. एकूण 16, खालचा ज्यावर पाठवतो त्याच चॅनेलवर वरचा ऐकतोय ना, हे बघा. 10 टाळा, जनरल मिडी या सगळ्यांनी पाळायच्या ठरावीक मांडणीत तो तालवाद्यांचा. माझ्याकडून एकदा तोच राहिला आणि भूपाळीच्या आलापामागे स्ट्रिंग्जऐवजी काउबेल वाजली! क्लॉक, म्हणजे ताल ज्या ठोक्यावर चालतो तो, इंटर्नलवर (कीबोर्डच्या स्वतःच्या) हवा. तो एक्स्टर्नलवर राहिला तर स्टाइलचं (तयार तालाचं) बटण दाबूनही ताल सुरू होत नाही आणि आपण बटणाला दोष देत बसतो.

सगळ्यात जास्त वेळ ट्रान्सपोजला, म्हणजे सगळे सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली सरकवण्याला, द्या. गायक काळी एकचा, आणि तुम्हाला वाजवायचंय पांढरी एकमधून, म्हणून खालच्यावर 1 चढवलात. काही कीबोर्ड चढवलेलाच सूर मिडीतून पुढे पाठवतात. वरच्यावरही 1 असेल तर खालचा काळी एकमध्ये आणि वरचा पांढरी दोनमध्ये बोलतो. एकेकटे तपासले की दोघेही बरोबर वाटतात, म्हणून एक सा धरून दोन्ही एकत्र ऐका. प्रत्येक गायकाच्या पट्टीला हे पुन्हा.

लॅपटॉप वापरताना एकच सूर दोनदा वाजतोय असं वाटलं तर कीबोर्डचं लोकल (पट्टी दाबली की त्याचा स्वतःचा आवाज थेट वाजवणारी सोय) बंद करा. बरेच कीबोर्ड बंद करून चालू केले की ते पुन्हा ऑन होतं, म्हणून घाटावर परत तपासायचं.

केबलला स्टँडच्या पायाशी एक फास द्या. पट्टी दाबलेली असताना ती निसटली तर ‘सोडली’ हा निरोप पोचत नाही आणि सूर लटकून राहतो. पॅनिकचं, म्हणजे लटकलेले सूर एकदम थांबवणारं, बटण कुठे आहे ते अंधारात बोटाने शोधून बघा. आणि दोन जुन्या चादरी घ्या. नदीकाठी त्या वेळी पट्ट्यांवर दव पडतं.