लेफ्ट टर्नचा बाण स्कूटरला हिरवा होत नसेल तर कुठे आणि कसं थांबायचं

पहाटेची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तुम्ही लेफ्ट टर्नच्या लेनमध्ये स्कूटर घेऊन उभे आणि बाण काही हिरवा होत नाही. सरळ जाणाऱ्यांना हिरवा मिळाला, आडव्या रस्त्याला मिळाला, परत सरळवाल्यांना मिळाला, तुमची पाळी मात्र मधल्यामधे गाळली. इकडे अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळणं म्हणजे समोरच्या रहदारीला आडवं जाणं आणि त्यासाठी वेगळी लेन आणि वेगळा बाण; दुचाकी चालवणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना हे कधी ना कधी झालेलं असतं, आणि पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्या माणसाला आधी कळतच नाही काय चाललंय, कारण आपल्याला सवय उलटे आकडे मोजणाऱ्या टायमरची, थोडं थांबलं की आपली पाळी येणारच. इथल्या पुष्कळ सिग्नलना मात्र लेनमधे कोणी आहे असं कळलं तरच ते त्या लेनला वेळ देतात. नाही कळलं तर तुम्ही तिथे नाहीच.

मी कॅलिफोर्नियात १२५ सीसीची स्कूटर चालवते. एवढ्या छोट्या गाडीला फ्रीवेवर, म्हणजे बिनसिग्नलच्या वेगवान हायवेवर, परवानगी नाही, त्यामुळे कामाला जाता-येता सगळा प्रवास आतल्या रस्त्यांनी, म्हणजे सिग्नलच सिग्नल. पहिले काही महिने एका लेफ्ट टर्नने इतका त्रास दिला की मी मागून एखादी कार येईपर्यंत नुसती उभी राहायचे. मग हे सगळं नीट समजून घेतलं, आणि खरं सांगते, नव्वद टक्के उत्तर तुम्ही लेनमधे नक्की कुठे थांबता यातच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. सिग्नलला तुमचं वजन कळत नाही. रस्त्याखाली काटा-बिटा काही नसतो, त्यामुळे सीटवर उड्या मारून किंवा गाडी मागेपुढे हलवून काही होत नाही. डांबरात करवतीने खाच पाडून त्यात तारेचे दोन-चार वेढे बसवलेले असतात, वरून काळं सीलंट भरतात, यालाच लूप म्हणतात. साधारण ६ फूट बाय ६ फूट, म्हणजे १.८ मीटरचा चौकोन, किंवा तेवढाच गोल. तारेतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट फिरत असतो, आणि जवळ धातू आला की त्या धातूतही छोटे छोटे गोल प्रवाह सुरू होतात, त्यामुळे लूपचा इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा त्याचा विरोध, थोडा कमी होतो आणि दिशा बदलण्याचा वेग, म्हणजे फ्रिक्वेन्सी, वाढते. कोपऱ्यावरच्या त्या मोठ्या धातूच्या पेटीत बसलेला डिटेक्टर हा फरक पकडतो आणि सिग्नल चालवणाऱ्या कंट्रोलरला सांगतो की या लेनमधे गाडी आहे. एवढंच.

यात लोखंडच हवं असं नाही हे लक्षात ठेवा, अॅल्युमिनियमही छान चालतं, म्हणून तर अॅल्युमिनियम रिमची साधी सायकलसुद्धा नीट उभी केली तर पकडली जाते. कारचा अख्खा पत्रा लूपला झाकून टाकतो म्हणून कार कुठेही थांबली तरी चालते, आपल्याकडे धातू कमी आणि तोही अरुंद, म्हणून आपल्याला जागा बघून थांबावं लागतं.

आता जागा कुठली. बहुतेक जण लूपच्या बरोबर मधोमध थांबतात आणि साध्या चौकोनी किंवा गोल लूपवर दुचाकीसाठी तीच सगळ्यात वाईट जागा आहे. मधे चुंबकीय क्षेत्र सरळ खालून वर जातं आणि तुमचं चाक उभं, म्हणजे ते क्षेत्र चाकाच्या बाजूबाजूने निघून जातं, त्यात शिरतच नाही. तारेच्या अगदी वर मात्र ते क्षेत्र तारेभोवती वळसा घालून आडवं होतं, आणि तिथे चाक तारेच्या दिशेत उभं असेल तर ते रिममधून आरपार जातं. म्हणून दोन्ही चाकं खाचेच्या त्या रेषेवर, आणि रेषेच्याच दिशेत. चौकोनाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूची रेषा घ्या, जी रस्त्याच्या दिशेने जाते, आडवी नाही. १२ फुटांच्या लेनमधे मधोमध ६ फुटांचा लूप असेल तर या रेषा दोन्ही कडांपासून ३-३ फूट आत येतात, म्हणजे कारची चाकं जिथून जातात साधारण तिथेच. यात एक फायदाही आहे, लेनच्या मधल्या पट्ट्यात गाड्यांतून गळलेलं तेल साचलेलं असतं आणि पाय टेकायला ती जागा घसरडी असते, ती आपोआप टळते. गोल लूप असेल तर अशी सरळ रेषा मिळत नाही, तिथे गोलाच्या डाव्या किंवा उजव्या टोकाला, जिथे वळण रस्त्याच्या दिशेला लागून जातं, तिथे चाकं आणा.

काही लूपमधे मधोमध आणखी एक खाच असते, वरून बघितलं तर दोन लांबट आयत शेजारी शेजारी ठेवल्यासारखे दिसतात. इथे उलटं करायचं, मधल्या रेषेवर थांबायचं, कारण दोन्ही भागांच्या तारा तिथे एकत्र येतात आणि क्षेत्र सगळ्यात जोरात तिथेच असतं. कॅलिफोर्नियात आत तिरप्या रेषा मारलेला लूपही दिसतो, तो सायकली पकडायला म्हणूनच चांगला मानला जातो आणि त्यावर तुम्ही जरा इकडेतिकडे असलात तरी काम होतं. रस्त्यावर पांढऱ्या रंगात छोटा सायकलवाला आणि त्याच्या वरखाली एकेक छोटी उभी रेघ दिसली तर काही विचार करू नका, चाकं त्या रेघांवर ठेवा, ती खूण त्यासाठीच काढलेली असते.

रेषा दिसतच नाहीत असं होतं कधीकधी. माझा अनुभव सांगते, पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासाने बघा. डांबर सुकून करडं झालेलं असतं पण खाचेच्या कडेला पाणी धरून राहतं, आणि अख्खा चौकोन ओल्या काळ्या रेषेने आखल्यासारखा उठून दिसतो, त्याचे कापलेले चार कोपरेसुद्धा, आणि एका कोपऱ्यातून फुटपाथकडे गेलेली एक लांब रेषा, ती पेटीकडे जाणारी वायर. मी असंच एकदा माझ्या त्रासदायक सिग्नलला बघितलं तेव्हा कळलं की रोज मी दोन लूपच्या मधल्या कोऱ्या जागेत थांबत होते. लेफ्ट टर्न लेनमधे बऱ्याचदा असे तीन-चार लूप एकामागे एक असतात, स्टॉप लाइनच्या लगेच मागचा पकडायचा. रस्ता नव्याने डांबरी केला असेल तर लूप खाली गाडलेला असू शकतो, खूण काहीच नाही, अशा वेळी डाव्या बाजूच्या चाकाच्या पट्ट्यात थांबून बघा, पुढच्या वेळी उजव्या.

आणि रेषेवर थांबलात की तिथेच थांबा. हे मला फार मनापासून सांगायचंय कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. कंटाळून माणूस हळूहळू पुढे सरकतो आणि बऱ्याच लेफ्ट टर्न लेनमधे सेटिंग असं असतं की गाडी लूपवरून हटली की मागणी रद्द, म्हणजे तुमचा नंबर लागलेला होता आणि तुम्हीच तो सोडला. झेब्राच्या जवळ जाऊन थांबायची सवय मोडा.

सगळीकडे लूप नसतात. खांबाच्या आडव्या दांड्यावर तुमच्या लेनकडे तोंड केलेला छोटा कॅमेरा किंवा रडारची चपटी डबी दिसली तर गणित वेगळं, तिथे लेनच्या मधोमध, स्टॉप लाइनच्या अगदी मागे थांबायचं. कॅमेऱ्यात प्रत्येक लेनसाठी एक चौकट आखून ठेवलेली असते, लाइन ओलांडून पुढे गेलात तर चौकटीच्या बाहेर. रात्री हेडलाइट चालू आणि समोर, गाडी तिरकी लावू नका. दाट धुक्यात किंवा सूर्य थेट कॅमेऱ्यात असताना तो चुकू शकतो, तेव्हा एक राउंड, म्हणजे सगळ्या बाजूंचा हिरवा एकदा होऊन जाईपर्यंतचा वेळ, जास्त द्या.

बाजारात बाइकखाली चिकटवायची चुंबकं मिळतात, सिग्नल हिरवा करतात म्हणून. घेऊ नका. लूप सतत बदलणाऱ्या क्षेत्रावर चालतो, चुंबकाचं क्षेत्र स्थिर असतं, त्याला काही फरक पडत नाही. साइड स्टँड खाली करून तारेवर टेकवायचं काही जण सांगतात, थोडासा धातू खाली जातो खरा पण गिअरवाल्या बऱ्याच गाड्यांना स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं, भर चौकात हे नको. हेडलाइट अप्पर-डिपर करूनही काही होत नाही, अॅम्ब्युलन्सला वाट देणाऱ्या यंत्रणेला ठराविक वेगाने लुकलुकणारा खास दिवा लागतो, आणि तसं उपकरण आपण वापरणं २००५ पासून फेडरल गुन्हा आहे.

सगळं करून बाण आलाच नाही तर? मागे कार आली असेल तर स्टॉप लाइनच्या आतच राहून थोडं पुढे व्हा आणि तिला हाताने पुढे बोलवा, ती लूपवर आली की झालं. कोणीच नसेल तर दुसऱ्या दिवसापासून तो लेफ्ट टर्न टाळा, पुढे सरळ जाऊन किंवा राइट घेऊन जिथे यू-टर्नला परवानगी आहे तिथून वळा, दोन मिनिटं जास्त जातील. पादचाऱ्यांचं बटण कडेच्या लेनमधून सरळ जाणाऱ्याच्या कामाचं आहे, लेफ्टच्या बाणाला त्याचा सहसा उपयोग नाही. लाल तोडायचा विचार आला तर आपल्या राज्याचा कायदा आधी बघा. मिनेसोटाने २००२ मधे दुचाकींना अशी सवलत दिली, मग इतर राज्यांनी. विस्कॉन्सिनमधे किमान ४५ सेकंद थांबावं लागतं, व्हर्जिनियात दोन पूर्ण राउंड किंवा २ मिनिटं यातलं जे आधी होईल ते, इलिनॉयमधे १२० सेकंद पण शिकागो शहर त्यातून वगळलेलं. सगळीकडे आधी पूर्ण थांबणं आणि रस्ता मोकळा असणं हवंच. कॅलिफोर्नियात असा सेकंदांचा नियम नाही, म्हणून मी तोडत नाही.

उभं राहताना आरशात बघत राहा, गिअरची गाडी असेल तर पहिल्या गिअरमधे, मागून दिवे जवळ यायला लागले की ब्रेक दोन-तीनदा दाबून लाइट लुकलुकवा. रिकाम्या लेनमधे एकटी दुचाकी मागच्याला उशिरा दिसते.

आणि तक्रार नक्की करा. पेटीतल्या डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी वाढवता येते, बऱ्याचदा ती मुद्दाम कमी ठेवलेली असते कारण जास्त केली तर शेजारच्या लेनमधला ट्रकही पकडला जातो. कॅलिफोर्नियात तर २००८ पासून नव्याने बसवलेल्या किंवा लूप बदललेल्या अशा सिग्नलनी शक्य तिथवर सायकल आणि मोटरसायकल ओळखली पाहिजे असा कायदा आहे. शहराच्या रस्त्यासाठी शहराचा ट्रॅफिक किंवा पब्लिक वर्क्स विभाग, पुष्कळ शहरांत ३११ हा तक्रारींचा फोन नंबर, आणि राज्याच्या हायवेवरचा सिग्नल असेल तर कॅलट्रान्स, म्हणजे कॅलिफोर्नियाचं वाहतूक खातं. नुसतं सिग्नल खराब आहे असं लिहू नका, दोन्ही रस्त्यांची नावं, तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून होता, कुठली लेन, किती वाजता, किती राउंड बाण आला नाही, गाडी कुठली आणि चाकं रेषेवर होती, हे सगळं लिहा. माझ्या पहिल्या तक्रारीत दिशा लिहायची राहिली होती आणि उत्तर आलं की तपासलं, ठीक आहे, त्यांनी समोरची लेन तपासली होती. दुसऱ्यांदा सगळं लिहिलं, सोबत लूपचा फोटो जोडला आणि माझी चाकं कुठे असतात तिथे फोटोवर दोन ठिपके काढले. दोन आठवड्यांनी पहाटे गेले, डाव्या रेषेवर थांबले, आडवा सिग्नल लाल झाला आणि पहिल्याच राउंडला बाण हिरवा झाला.