‘करंट रेशो चांगला आहे, मॅडम’: क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीत या चुका टाळा

छोट्या-मध्यम उद्योगांच्या कर्जांसाठी क्रेडिट अ‍ॅनालिस्ट (कर्जदाराचे हिशेब तपासणारा माणूस) निवडायला मी मुलाखतीच्या टेबलावर बसते. समोरचा बीकॉम असो, एमबीए असो की सीए इंटर, ‘पन्नास हमखास प्रश्नां’ची पीडीएफ सगळ्यांनी एकच वाचलेली असते. त्यामुळे चुकाही त्याच.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे रेशो पाठ करून येणं. मी उमेदवारापुढे एका फाउंड्रीचे दोन वर्षांचे ताळेबंद ठेवते, नाव खोडून आणि आकडे सोपे करून. विक्री १२ कोटींवरून १५ कोटी, निव्वळ नफा ४० लाखांवरून ६५ लाख, करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) १.२५ वरून १.५. एका मुलाने कागद उलटलासुद्धा नाही. म्हणाला, “रेशो १.३३ च्या वर आहे, नफा वाढलाय, कर्जाचं लिमिट वाढवायला हरकत नाही, मॅडम.” १.३३ कुठून आला? “टंडन कमिटी, दुसरी पद्धत.” बरोबर! खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी या कमिटीच्या पद्धतीतून येणारा आकडा तोच. पाठांतर चोख.

“येणी किती आहेत?”

ती ओळ त्याने पाहिलीच नव्हती. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, २ कोटींवरून ५ कोटींवर गेली होती. पूर्वी दोन महिन्यांत येणारे पैसे आता चार महिने अडकत होते. येणी चालू मालमत्तेतच धरतात, त्यामुळे रेशो सुधारला होता तो नेमका या अडकलेल्या पैशाच्या जोरावर. खड्डा बुजवायला मालकाने नातेवाइकांकडून एक कोटी उचलले होते. ते चालू देण्यांत न धरता दीर्घ मुदतीत दाखवलेले, म्हणून रेशोला धक्काही लागला नव्हता. नफा ६५ लाख, पण धंद्यातून आलेली रोकड उणे. “विक्री वाढली की येणी वाढणारच ना,” तो म्हणाला. वाढतील की. पण विक्री सव्वापट आणि येणी अडीचपट? खऱ्या फाइलमध्ये काय निघालं होतं सांगते. सगळ्यात मोठ्या ग्राहकाने माल नाकारला होता आणि मालकाने ती बिलं वहीतून काढलीच नव्हती.

माझी सवय उलटी आहे. आधी ऑडिटरचा शेरा, मग नोट्स, मग सहा महिन्यांहून जुनी येणी, आणि रेशो शेवटी. कंपनी असेल तर येणी किती जुनी आहेत याचा तक्ता नोट्समध्ये असतो. प्रोप्रायटर असेल तर यादी मागायची. विक्री जीएसटीआर-३बीशी (जीएसटीच्या विवरणपत्राशी) महिनावार ताडायची. मार्चमध्येच विक्री फुगलेली दिसली तर कारण विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सराव कसा करायचा? बीएसईच्या साइटवर छोट्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. एक घ्या, कॅश फ्लोचं (रोकड कुठून आली, कुठे गेली याचं) पान झाका, आणि ताळेबंद व नफा-तोटा पत्रकावरून ते स्वतः पेन्सिलीने मांडा. एक्सेलचं टेम्प्लेट नको. त्यात आकडे भरायला माणूस लागतच नाही, मग तुम्हाला पगार कशाचा द्यायचा? हे सांगितलं की पोरं विचारतात, “दोन दिवसांत होईल का?” नाही होणार.

दुसरी लाडकी चूक: “तारण भक्कम आहे, द्यायला हरकत नाही.” कर्ज फिटतं ते धंद्याच्या रोकडीतून. तारण विकायची वेळ आली म्हणजे तुमचं मूल्यमापन आधीच फसलेलं असतं. तारण ताब्यात घेऊन विकायचा बँकांचा मार्ग म्हणजे सरफेसी कायदा. त्याच्या कलम १३(२) ची नोटीस दिल्यावर आधी ६० दिवस थांबा, मग ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, तेवढ्यात कर्जदार डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) पोचलेला. आणि शेतजमीन तर या कायद्यातून वगळलेलीच आहे. घरात सातबारा असलेली मुलंही बिनदिक्कत “जमीन तारण घेऊ” म्हणतात, याचं मला नवल वाटतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. “तीन हप्ते थकले की एनपीए (अनुत्पादक कर्ज)” असं म्हणू नका, थकल्यापासून ९० दिवस मोजा. कॅश क्रेडिटला (मर्यादेपर्यंत हवे तसे पैसे काढता-भरता येणाऱ्या कर्जखात्याला) हप्ताच नसतो, तिथे खातं ‘आउट ऑफ ऑर्डर’, म्हणजे थकीत, कधी होतं ते वाचून या. डीएससीआरमध्ये (कर्ज फेडायची ताकद मोजणाऱ्या रेशोमध्ये) नफ्यात घसारा मिळवता तसं मुदत कर्जाचं व्याजही मिळवा. रेटिंग चांगलं आहे एवढ्यावर थांबू नका. आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीचं रेटिंग २०१८ मध्ये बुडण्याच्या जरा आधीपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च, होतं. ‘फाइव्ह सीज’ (कर्जदार पारखायचे पाठ्यपुस्तकातले पाच ‘सी’) मी विचारल्याशिवाय सांगू नका, कृपा करा.

आणि रेझ्युमे. ‘सीएमए डेटा (कर्ज मागताना बँकेला द्यायचे हिशेब आणि अंदाज) तयार केला’ असं लिहिलंत की मी विचारणारच: अंदाजित विक्री ५ कोटी, नायक समितीच्या हिशेबाने बँक किती देईल? विक्रीच्या २५ टक्के म्हणजे सव्वा कोटीच्या खेळत्या भांडवलाची गरज. त्यातला १ कोटी बँकेचा, २५ लाख मालकाचे. इथवर सगळे येतात. मग मी विचारते, हाच कर्जदार कोल्हापूरचा गूळ व्यापारी असेल, हंगामात माल घेऊन कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवणारा, तर? २५ टक्क्यांमागे तीन महिन्यांचं चक्र धरलेलं आहे, आणि याचा पैसा सात-आठ महिने गुंतलेला. सीएमए स्वतः केलेला उमेदवार लगेच साठ्याचे महिने मोजायला घेतो. सीएच्या ऑफिसातून तयार फाइल नुसती पोचवलेला विचारतो, “मॅडम, हा प्रश्न सिलॅबसमध्ये आहे का?”