कॅम्पसवरच्या इमारतीला नाव द्यायचंय? आधी सगळ्यांना विचारा

परीक्षेच्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या गेटवर उभे राहा. बाहेरगावहून आलेली मुलगी हॉलतिकीट पुढे करून केंद्र विचारते. कागदावर एका थोर माणसाचं सहा शब्दी नाव छापलेलं असतं. वॉचमन ते दोनदा वाचतो, मग म्हणतो, "अच्छा, टाकीजवळची बिल्डिंग! सरळ जा, डावीकडे." ते नाव पाटीवर आहे, पण कुणाच्या तोंडी नाही. कारण ते ठरवताना वॉचमनला, कँटीनवाल्याला, मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्याकडे नव्या इमारतींची नावं ठरायची असतील तर हे काम पुढीलप्रमाणे करता येईल.

१. अंतिम निर्णय कुणाचा, ते पहिल्याच दिवशी सांगा

आपल्याकडच्या सार्वजनिक विद्यापीठांत असा प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेपुढे जातो. तेव्हा लोकांकडून सूचना मागवताय की लोकांचं मत बंधनकारक मानणार आहात, हे आवाहनातच स्वच्छ लिहा. ब्रिटनच्या पर्यावरण संशोधन परिषदेनं २०१६ मध्ये एका संशोधन जहाजासाठी इंटरनेटवर नावं मागवली. 'बोटी मॅकबोटफेस' या गमतीच्या नावाला सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली. जहाजाला मात्र डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं गेलं आणि लोकांनी निवडलेलं नाव जहाजावरच्या एका छोट्या पाणबुडीला मिळालं. आपलं मत मोजलं आणि बाजूला ठेवलं असं एकदा वाटलं, की पुढच्या वेळी माणसं फिरकत नाहीत.

देणगीदाराला नाव आधीच कबूल केलं असेल तर ती इमारत यादीतून वगळा आणि तसं सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्यांच्या आईचं नाव आजही मुंबईच्या तोंडी आहे.

२. आधी रुळलेली नावं गोळा करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वही घेऊन दोन दिवस फिरा. सफाई कामगार, माळी, रिक्षावाले, वसतिगृहाचे रेक्टर, सगळ्यांना विचारा, "या बिल्डिंगला तुम्ही काय म्हणता?" मग शेजारच्या गावात जा. ज्यांच्या जमिनींवर विद्यापीठ उभं राहिलं, त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक शेताचं, ओढ्याचं, माळाचं नाव ठाऊक असतं. चिंचेचं वावर, खालचा मळा, पाणंदीकडचा तुकडा. सातबाऱ्यावर ही सगळी नावं सापडतीलच असं नाही. ही नावं त्या माणसांबरोबर जातात. ग्रंथालयाला किंवा वसतिगृहाला शिवारातलं असं एखादं नाव मिळालं तर जमीन दिलेल्या घरातली नात तिथे शिकायला येईल, तेव्हा तिला पाटीवर ओळखीचं काही दिसेल.

३. निकष थोडे, पण पक्के

हयात व्यक्तीचं नाव चालेल का? एकाच थोर व्यक्तीच्या नावाची दुसरी वास्तू आवारात आहे का? नाव तीन शब्दांच्या आत बसतं का? मुलं त्याची आद्याक्षरं करणारच, ती कशी ऐकू येतात, तेही मोठ्यानं म्हणून बघा.

व्यक्तींऐवजी एखादं सूत्र धरलं तर काम सोपं होतं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. गंगा, झेलम, पेरियार, गोदावरी आहेत, तशा आपल्या कोयना आणि चंद्रभागाही आहेत. तिथल्या राहत्या वस्त्यांची नावं उत्तराखंड, दक्षिणापुरम, पश्चिमाबाद आणि पूर्वांचल अशी. दिशा चार आणि प्रत्येकीचा प्रत्यय वेगळ्या वळणाचा. शिवाय नवं वसतिगृह बांधलं तरी नद्या संपत नाहीत.

४. आवाहन सगळ्यांपर्यंत न्या

विद्यार्थी, प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, कंत्राटी कामगार, माजी विद्यार्थी, शेजारचं गाव. ऑनलाइन फॉर्म ठेवाच, पण मेस, ग्रंथालय आणि कँटीनमध्ये कागदी फॉर्म आणि पेटीही ठेवा. परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी टाळून चार आठवडे द्या. फॉर्मवर तीनच गोष्टी हव्यात: नाव, त्याचा अर्थ आणि "हेच नाव इथे का?" याचं पाच ओळींत उत्तर. मजकूर साधा असू द्या: "ही इमारत तुम्ही रोज वापरणार आहात. तिला काय म्हणावं, ते सांगा."

५. गाळणी समितीची, मग मतदान

एका नावासाठी शंभर फॉर्म आले, ते एकाच हाताने भरलेले असू शकतात. म्हणून समितीनं फॉर्मची संख्या मोजू नये, कारणं वाचावीत. समितीत विद्यार्थी आणि कर्मचारी हवेतच. व्यक्तीचं नाव असेल तर कुटुंबीयांची संमती, जन्ममृत्यूच्या तारखा आणि शुद्धलेखन तपासा. मग तीन ते पाच नावं कारणांसह मतदानाला ठेवा.

ही रीत किती सुंदर फळ देते बघा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघानं प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याच्या ग्रहाला नाव सुचवायला सांगितलं. भारतात विद्यार्थ्यांनी नावं सुचवली, जाणकारांनी ती गाळली, लोकांनी मतं दिली आणि शेवटचा शिक्का संघाचा पडला. ताऱ्याला मिळालं 'बिभा', म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांचं नाव, आणि ग्रहाला 'संतमस', म्हणजे ढगाळलेला.

६. वाद आला तर घाई नको

नाव ही महाराष्ट्रात कधीच किरकोळ गोष्ट नव्हती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या वर्षांत माणसांनी घरं आणि जीव गमावले. म्हणून आक्षेपासाठी पंधरा दिवस ठेवा, प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर द्या, आणि निवड न झालेली नावंही कारणांसह जाहीर करा.

७. पाटी लागली की काम निम्मंच झालं

पाटीवर नावाखाली दोन ओळी लिहा: नाव कशावरून आणि कुणी सुचवलं. नकाशे, वेळापत्रकं, हॉलतिकीट आणि ऑनलाइन नकाशावरची नोंद एकाच आठवड्यात बदला. वॉचमनना आणि गेटबाहेरच्या रिक्षावाल्यांना स्वतः जाऊन सांगा. आणि पहिलं वर्षभर हॉलतिकिटावर जुनं नाव कंसात राहू द्या.