फॉग सर्व्हर टाकताय? मग या चुका टाळा

लॅबमधल्या प्रत्येक पीसीला पेनड्राइव्ह लावून उबुंटू टाकायचा कंटाळा आला की लोक फॉग प्रोजेक्टकडे वळतात. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, एका मशीनची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची कॉपी घ्यायची आणि नेटवर्कवरून बाकीच्यांवर टाकायची. इन्स्टॉलर पण सोपा दिसतो, म्हणून लोक न वाचता एंटर एंटर मारत सुटतात आणि घोळ तिथेच होतो.

आधी सर्व्हरला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवर्क पत्ता द्या. इन्स्टॉलच्या वेळचा आयपी कॉन्फिग फाइलमध्ये, डेटाबेसमध्ये, सगळीकडे लिहिला जातो, नंतर तो बदलला की सगळे क्लायंट जुन्याच पत्त्यावर धडका देत बसतात.

सगळ्यात जास्त वाट लावतो तो डीएचसीपीचा, म्हणजे मशीनना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेचा प्रश्न. नेटवर्कवर आधीच डीएचसीपी चालू असेल तर फॉगचा डीएचसीपी लावू का या इन्स्टॉलरच्या प्रश्नाला सरळ नाही म्हणा, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अर्ध्या बिल्डिंगचं नेट गेलं की शिव्या तुम्हालाच पडतात. चालू असलेल्या डीएचसीपीमध्ये ऑप्शन ६६ ला फॉगचा आयपी आणि ६७ ला बूट फाइलचं (नेटवर्कवरून सुरू होताना पीसी जी फाइल मागतो तिचं) नाव टाकायचं. पीसी सुरू करणाऱ्या जुन्या बायॉसची फाइल वेगळी, नव्या यूईएफआयची वेगळी, हे विसरलात तर अर्धे पीसी बूट होतील आणि अर्धे नाही. साध्या राउटरमध्ये हे ऑप्शन बहुतेक नसतातच, तिथे डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रॉक्सी मोडमध्ये लावा, तो आयपी न वाटता फक्त बूटची माहिती देतो. आणि हो, पीसीच्या सेटिंगमधलं सिक्युअर बूट (सही नसलेली बूट फाइल अडवणारी सोय) बंद करा.

डेबियन लिनक्सवर नुसतं 'एसयू' (रूट युजर व्हायची कमांड) करून इन्स्टॉलरची स्क्रिप्ट चालवली की युजर तयार करणारी 'युजरअ‍ॅड' कमांड सापडत नाही म्हणून रडते, 'एसयू'पुढे डॅश द्या. मध्येच इन्स्टॉलर थांबतो तेव्हा तो हँग झालेला नसतो, ब्राउझरमध्ये फॉगचं पान उघडून डेटाबेस स्कीमाचं (डेटाबेसचे तक्ते तयार करणारं) बटण दाबायचं आणि मग टर्मिनलवर येऊन एंटर. ही पाटी स्क्रीनवरच असते पण वाचतं कोण!

इमेज शंभर टक्के कॅप्चर झाली आणि शेवटी एफटीपी (फाइल हलवायची पद्धत) लॉगिनची एरर आली तर डिस्कला दोष देऊ नका. इमेज आधी 'डेव्ह' (dev) फोल्डरमध्ये जाते आणि शेवटी एफटीपीने जागेवर हलवली जाते, त्यासाठी लिनक्सवर 'फॉगप्रोजेक्ट' नावाचा युजर असतो. कोणीतरी त्याचा पासवर्ड बदललेला असतो. फॉगसेटिंग्जची फाइल, फॉगच्या वेब पानावरचं स्टोरेज नोड (इमेज ठेवायच्या जागेची नोंद) आणि तो युजर, तिन्हीकडे एकच पासवर्ड हवा. या युजरने रोजचं लॉगिन तर अजिबात करू नका.

आता मास्टर मशीन, म्हणजे जिची इमेज घ्यायची ती. त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटायची लिनक्सची एक पद्धत) घेतलं असेल तर फॉगला पार्टिशन लहानमोठं करता येत नाही, त्यामुळे साधं ईएक्सटी४ फाइल सिस्टिमचं पार्टिशन बरं. कॅप्चरच्या आधी मशीन-आयडीची (मशीनच्या स्वतःच्या ओळखीची) फाइल रिकामी करा, डिलीट नको. नाहीतर उबुंटू सर्व्हरच्या सगळ्या कॉपी डीएचसीपीला एकच ओळख सांगतात आणि दोन मशीनला एकच आयपी मिळतो, मग लोक तासन्‌तास स्विच तपासत बसतात. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) होस्ट की, म्हणजे मशीन ओळखायच्या चाव्या पण काढा, फक्त त्या आपोआप परत तयार होत नाहीत, डिप्लॉय झाल्यावर ओपनएसएसएच सर्व्हर परत कॉन्फिगर करावा लागतो.