थेरपीसाठी कुत्रा तयार करताना या चुका टाळा

"आमचा ब्रूनो कोणालाच काही करत नाही," हे वाक्य सोसायटीच्या लिफ्टमध्ये खपून जाते; वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत तिथल्या लोकांना सोबत आणि दिलासा देण्यासाठी कुत्र्याला नेताना तेवढे पुरेसे नाही. अनोळखी हात पाठीवर पडले, शेजारी स्टीलचे ताट खणकन आपटले, कोणी अचानक ओरडले, तरी जो स्वतःहून माणसाजवळ थांबतो, त्याच कुत्र्याचा विचार करावा. नुसते निमूटपणे सोसणारा कुत्रा या कामासाठी निवडणे ही पहिली चूक, आणि पिल्लू गोंडस दिसते म्हणून घाई करणे ही तिचीच धाकटी बहीण. थेरपीच्या कामासाठी प्राण्यांची नोंदणी करणारी अमेरिकेतील 'पेट पार्टनर्स' ही संस्था कुत्र्याचे वय किमान 1 वर्ष असावे आणि तो मालकाकडे किमान 6 महिने राहिलेला असावा, अशी अट घालते. ती आपणही पाळायला हरकत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे माणसाच्या हातून होते. कुत्र्याला 'बस', 'थांब', 'सोड' शिकवून झाले की आपले शिक्षण संपले, असे मालकाला वाटते. माझेही तेच झाले. मध्य मुंबईतल्या एका वृद्धाश्रमात पहिल्या भेटीत एक आजी माझ्या कुत्रीच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारून नातवाच्या आठवणी सांगत होत्या आणि मी त्यांच्या बोलण्यात रंगून गेलो होतो. कुत्रीने दोनदा जांभई दिली, ओठांवरून जीभ फिरवली, मान वळवली. डोळ्यांच्या कडेला पांढरा भाग दिसू लागला. दुपारची वेळ आहे, झोप आली असेल, असे मी समजलो. शेवटी ती उठून थेट दाराशी जाऊन बसली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी ताणाची लक्षणे होती आणि गुरगुरण्यापूर्वीची तिची सभ्य भाषा तेवढीच होती. मालकाने बोलावे माणसांशी, पण नजर ठेवावी कुत्र्यावर. असे लक्षण दिसताच "आता तिला पाणी पाजून आणतो" असे म्हणून शांतपणे बाजूला घ्यावे. समोरच्या व्यक्तीला वाईट वाटेल, या भिडेपोटी थांबू नये. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला रागावणे तर त्याहून घातक, कारण मग तो पूर्वसूचना देणेच सोडून देतो.

सुरुवातीची सत्रे 15 ते 20 मिनिटांचीच ठेवावीत. 'पेट पार्टनर्स'च्या नियमांत अनुभवी कुत्र्यालाही दिवसाला 2 तासांहून अधिक काम देता येत नाही. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः मे महिन्यात, ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते.

सराव घरच्या गालिच्यावर आणि प्रत्यक्ष काम गुळगुळीत टाइल्सवर, या तफावतीमुळे अनेक कुत्रे बिचकतात. पाय घसरत असतील तर तळव्यांतील वाढलेले केस कापून घ्यावेत आणि तशाच फरशीवर आधी सराव करावा. नखे कापून घासावीत, कारण वृद्धांची त्वचा जरा ओरखड्यानेही फाटते. चाकाच्या खुर्चीजवळ समोरून झेप घेऊ न देता बाजूने न्यावे. लांब-आखूड होणारा पट्टा घरीच ठेवावा. साधा, दीड-दोन मीटरचा पट्टा बरा.

पावसाळ्यात बेफिकिरी अजिबात चालत नाही. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून कुत्र्यालाही होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो. म्हणून रेबीजबरोबरच लेप्टोची लस, जंतनाशक आणि गोचिडांवरचा उपाय यांच्या तारखा पशुवैद्यांकडून नोंदवून घ्याव्यात. पाणी तुंबलेल्या रस्त्याने जावे लागणार असेल, तर त्या दिवशीची भेट सरळ रद्द करावी. कुत्र्याला कच्चे मांस खाऊ घालत असाल, तर या कामापुरते ते बंद करावे, कारण त्यातील जंतू अशक्त रुग्णांपर्यंत पोहोचू शकतात.

आणखी एक गोंधळ शब्दांचा आहे. 1960च्या दशकात बाल-मानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी आपला कुत्रा जिंगल्स याच्या मदतीने मुलांवर उपचार केले. तिथे उपचार करणारे तज्ज्ञ होते, कुत्रा त्यांचा सहायक होता. तज्ज्ञाने ठरवलेले उद्दिष्ट आणि प्रगतीची नोंद नसेल, तर आपण देतो ती आनंदाची भेट असते, थेरपी नव्हे. भेटीलाही मोल आहे; पण पालकांना थेरपीचे आश्वासन देऊ नये.

एरवी उड्या मारत निघणारा कुत्रा एखाद्या दिवशी फाटकाशीच अडून बसला, तर त्याला ओढू नये किंवा खाऊचे आमिष दाखवून आत नेऊ नये. जिथे भेट ठरली आहे त्या वृद्धाश्रमाला किंवा शाळेला कळवून परत फिरावे आणि पशुवैद्यांकडून कान, दात व सांधे तपासून घ्यावेत. आपण ज्याला हट्ट म्हणतो, ते पुष्कळदा दुखणे निघते.