बंब कसा पेटवावा: आधी पाणी, मग जाळ

तांब्याचा बंब म्हणजे पाण्याच्या पिंपातून उभी आरपार नेलेली एक नळी असते. तळाच्या जाळीवर जाळ होतो, जाळीखालून हवा आत शिरते, तापून नळीतून वर चढते आणि जाता जाता भोवतीचे पाणी तापवते. ही नळीच चूल आणि तीच धुराडे, हे ध्यानात आले की बंबाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ सापडते.

बंबात पाणी भरल्याशिवाय काडी ओढू नये. पाणी असेतोवर नळीचा पत्रा फारसा तापत नाही. रिकाम्या बंबात मात्र तो इतका तापतो की सांधे जोडणारे धातूचे डाग वितळून बंब गळू लागतो. म्हणून जाळ चालू असताना जितके कढत पाणी काढावे, तितके गार पाणी लगेच वर ओतावे. भरण्याच्या तोंडावरचे झाकण सैलच असावे, कारण वाफेला वाट हवी. ते चिंधी कोंबून घट्ट बसवण्याची सवय काही घरांत दिसते, ती धोक्याची आहे.

सरपण कोरडे हवे. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते आणि त्याची वाफ करण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला आणि त्यांच्या टोकांना चिरा दिसल्या, तर लाकूड वाळले असे समजावे. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवुड, प्लास्टिक आणि कण्हेरीच्या फांद्या बंबात कधीही घालू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

पेटवण्यापूर्वी आदल्या दिवसाची राख काढून जाळी मोकळी करावी. जाळीवर नारळाची शेंडी व बारीक काटक्या रचून त्या पेटवाव्यात आणि जाळ धरल्यावरच अंगठ्याएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या दोन-तीन ढलप्या सोडाव्यात. नळी तोंडापर्यंत भरली की पाणी लवकर तापेल हा समज चुकीचा आहे. हवेची वाट कोंडते, जाळ गुदमरतो आणि न जळलेले सरपण काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. हिशेबच करायचा तर २० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ६०० किलोकॅलरी लागतात, तर एक किलो वाळलेल्या लाकडातून साधारण ३,५०० किलोकॅलरी निघतात. निम्म्याहून अधिक उष्णता वाया गेली असे धरले, तरी अर्ध्या किलोच्या आत काम व्हायला हवे. त्याहून फारच अधिक सरपण लागत असेल, तर नळीत आतून काजळी साचली आहे का ते पाहावे. हा थर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. बंब पूर्ण गार असताना काठीला बांधलेल्या घासणीने तो खरवडून काढता येतो.

बंब शक्यतो अंगणात किंवा पडवीत ठेवावा. बंद न्हाणीघरात तो पेटवणे जिवावर बेतू शकते, कारण धगधगत्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका टळला असे मुळीच नाही. डोके दुखू लागले, मळमळले किंवा गरगरले, तर तत्काळ उघड्या हवेत यावे आणि डॉक्टरांना गाठावे.

बादलीत विसण, म्हणजे कढत पाण्यात मिसळायचे गार पाणी, आधी घ्यावे आणि कढत पाणी त्यावर सोडावे, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची त्वचासुद्धा काही सेकंदांत भाजते. जुन्या बंबांच्या डागांत शिसे असू शकते, म्हणून हे पाणी अंघोळीपुरतेच वापरावे, पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी नाही.

राखेखाली निखारे कित्येक तास जिवंत राहतात. राख पत्र्याच्या घमेल्यात काढून, पाणी शिंपडून, ती पूर्ण निवल्यावरच भांडी घासायला किंवा झाडांच्या आळ्यात टाकायला घ्यावी. बंबातले पाणी मात्र आतील धग पुरती विझेपर्यंत तसेच राहू द्यावे.